यात्रेची तयारी डब्यांची की पायांची?



आपल्याकडे शिखरजीची यात्रा ठरली की दोन महिने आधी घर कामाला लागतं. कणकेचे लाडू, खाकरे, चिवडा, भाजलेल्या डाळीचं पीठ, पाणी गाळायचं फडकं, अभिषेकाचे वेगळे धुतलेले कपडे, अष्टद्रव्याची पिशवी. कोणत्या डब्यात काय आहे याची यादीसुद्धा आपण करतो. या यादीत एक गोष्ट मात्र कधीच नसते, ती म्हणजे आपले पाय.

तीन वर्षांपूर्वी माघात मी शिखरजीला गेले तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. कुठलाही मोठा आजार नाही, गुडघे अधूनमधून कुरकुरायचे एवढंच. मधुबनातून पहाटेच्या अंधारात निघालो. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर सगळ्या टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, असे एकूण सत्तावीस. हा हिशेब मला लहानपणापासून पाठ होता. पण पाठ असणं वेगळं आणि पायांना माहीत असणं वेगळं. दीड-दोन तासांतच मी रस्त्याच्या कडेला बसले. छाती धडधडत होती, पोटऱ्यांत गोळे आले होते. शेवटी यांनी डोली ठरवली.

डोली दोघांच्या खांद्यावर होती. पुढचा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा असावा, पायात साध्या रबरी चपला. चढावर त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या मला मागून दिसत होत्या. विसाव्याला डोली टेकवली की तोच मला विचारायचा, "माताजी, ठीक हैं ना?" मी चोवीसपैकी वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीवर चालले होते, ओठांवर णमोकार होता आणि डोळ्यांसमोर ती मान होती. दर्शन झालं, पण मनाला हवं तसं समाधान लाभलं नाही.

आता कुणी म्हणेल, डोलीवाल्यांचं पोट त्यावरच आहे, आपण बसलो नाही तर त्यांनी काय खायचं? हे खरं आहे आणि मी डोलीच्या विरुद्ध मुळीच नाही. माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांनी डोलीतच जावं. ज्यांचं ऑपरेशन झालंय, ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनीही जावं आणि ठरलेल्या पैशांत घासाघीस करू नये. माझं म्हणणं माझ्यासारख्या बायकांबद्दल आहे, ज्यांना चालता येण्यासारखं असतं, पण ज्यांनी त्यासाठी काहीच केलेलं नसतं. मी आजारी नव्हते. तयारी न करता गेले होते.

तयारी कुठे करायची? पुण्यात राहणाऱ्या बाईला हा प्रश्न पडू नये. सिंहगड घरापासून तासाभरावर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १३१२ मीटर, आणि आपल्या शिखरजीच्या पहाडाची साधारण १३६५. आकडे वाचून मला वाटलं, मग काय, सारखंच की! तसं नाही. मधुबन बरंच खाली आहे, त्यामुळे तिथली चढण कितीतरी जास्त. पण सिंहगडाची आतकरवाडीची पायवाट आखूड असली तरी चांगलीच खडी आहे. पावणेतीन किलोमीटरच्या आसपास अंतर आणि त्यात सुमारे ६०० मीटर चढ. शाळेच्या सहलीत आपण सगळ्या गाडीरस्त्यानं वर गेलो आहोत, तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहून परत आलो आहोत. पायवाटेनं गेलेल्या आपल्यातल्या किती?

मी यात्रेहून आल्यावर मार्चमध्ये सुरुवात केली. म्हणजे चुकीच्या वेळी. त्यातून आधी घरातलं सगळं आवरलं, देवदर्शन, नाश्ता, भाजी चिरून ठेवणं, आणि पायथ्याशी पोचायला साडेआठ वाजले. वाटेवर झाडी तुरळक, गवत वाळलेलं, खडक तापायला लागलेला. एक तृतीयांश वाटेवरून परत फिरले. तिथे ताक विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, ऊन्हाळ्याचं उजाडायच्या आत यावं. आता आमी बी सावली धरतो." घरी येऊन मी रडले नाही, पण बोललेही नाही कुणाशी.

त्या दिवशी मला पहिली गोष्ट कळली. डोंगराचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं आणि त्यासाठी घराचं वेळापत्रक बदलावं लागतं. जेवणखाण आटोपून डोंगरावर जायचं म्हटलं की उन्हाळ्यात कधीच जाणं होणार नाही. मग मी घरात सांगून टाकलं, रविवारचा नाश्ता यांनी आणि मुलीनं बघायचा. पहिल्या रविवारी पोह्यांत मीठ नव्हतं. आता यांचे पोहे माझ्यापेक्षा बरे होतात.

उन्हाळ्यात आम्ही पावणेपाचला घर सोडतो. मी, माझी जाऊ आणि मंदिरातल्या दोघी. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते, पण इतक्या पहाटे आम्ही जावेची गाडी काढतो. दिसायला लागलं की पाय टाकायचा. मे महिन्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तोवर निम्मी वाट मागे पडलेली असते. इथे आपल्या घरांतला एक प्रश्न येतो. आमच्यात बऱ्याच जणी रात्री पाणीसुद्धा घेत नाहीत, सूर्योदयानंतरच घेतात. मीही त्यातलीच. उन्हाळ्यात हे जमतं, कारण सूर्य लवकर येतो. आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत थोडं थोडं करून भरपूर पाणी प्यायचं, आणि सूर्य दिसला की थांबून घरचं गाळलेलं पाणी प्यायचं. तहान लागेपर्यंत वाट पाहायची नाही. ज्यांना साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. नियम मोडायला नको म्हणून चक्कर येऊन दगडावर पडण्यात धर्म नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा उशिरा निघा, थोडंच चढा.

उन्हाळ्यातला गड बोडका असतो म्हणून लोक नाक मुरडतात. पण पांगाऱ्याची लाल फुलं मी उन्हाळ्याच्या तोंडालाच पाहिली. मे महिन्यात वाटेवर टोपलीत करवंदं येतात. कधी डोंगराच्या उतारावर वणव्याचे काळे पट्टे दिसतात, तेव्हा जीव हळहळतो. किती घरटी, किती बिळं गेली असतील. एक जळती काडी कुणी फेकली असेल, एवढ्यावरून हे होतं. उन्हाळ्यानं मला दमानं चालायला शिकवलं. उड्या मारत गेलं की दहा मिनिटांत धाप लागते. बोलता येईल इतक्याच वेगानं चाललं की वरपर्यंत जाता येतं. णमोकार म्हणताना श्वास तुटला तर वेग जास्त आहे, हे माझं मोजमाप.

मग येतो पावसाळा, आणि आपल्यासाठी खरा वादाचा मुद्दा इथेच आहे.

पहिल्या वर्षी मी आषाढात दर रविवारी गेले. सगळं पुणंच तिथे होतं. धुकं, वारा, वाटेवरून वाहणारं पाणी, गरम भज्यांचा वास. आपल्याला कांदाभजी नको, पिठल्यात लसूण, तेव्हा आमचा डबा आमच्याजवळ. तो प्रश्न नव्हता. प्रश्न पायाखालचा होता. ओल्या दगडांवर वाणी म्हणतो ते लांब, अनेक पायांचे किडे चाललेले. लहान लहान खेकडे आडवे पळतायत. गोगलगायी. आणि मागून पोरांचा घोळका हातात स्पीकर लावून धावत येतोय. एका वळणावर चिरडलेले किडे इतके दिसले की मला पाय कुठे ठेवावा कळेना. आपले साधू चार महिने एका जागी थांबतात ते कशासाठी, हे मी शाळेतल्या पाठासारखं ऐकत आले होते. त्या वळणावर ते डोळ्यांनी पाहिलं.

घरी येऊन ठरवलं, चौमासात गड बंद. तेव्हा आमच्या मंदिरात एका आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील बरं केलंस. त्यांनी एवढंच विचारलं, "पाऊल टाकण्याआधी जमीन दिसत होती का?" मी म्हटलं, गर्दीत नाही दिसत. त्या म्हणाल्या, "मग गर्दीत जाऊ नकोस. आणि रस्त्यावर, बाजारात, अंगणात तरी दिसते का, ते बघ." पुढे काही बोलल्या नाहीत. पण चार हात जमीन बघून चालायचं, ही ईर्यासमिती फक्त साधूंनी पाळायची आणि आपण फक्त पाठ म्हणायची, असं नाही, हे मला लागलं.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. चौमासात महिन्यातून एकदाच गड, तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी, गर्दी नसताना, लख्ख उजाडल्यावर. दगडांच्या वाटेवरूनच चालायचं, गवतात शिरायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. धुक्यात कड्याच्या जवळ जायचं नाही. जोराचा पाऊस असला तर घरी बसायचं. उरलेल्या रविवारी पर्वतीच्या पायऱ्या. रुंद दगडी पायऱ्या आहेत, पायाखालचं स्वच्छ दिसतं आणि चार वेळा वरखाली केलं की घाम निघतोच. दशलक्षणात काहीच नाही, तेव्हा एकासन आणि उपवास असतात, अंगात असलेली शक्ती तिकडे लावायची. तुमच्यापैकी कुणाला चौमासात पूर्ण बंद ठेवावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण पाऊस संपेपर्यंत घरात बसून राहू नका, पायऱ्या तरी चढा. चार महिन्यांत कमावलेलं सगळं जातं, हे मी स्वतःवर पाहिलंय.

आणि गंमत सांगते. पाऊल बघून टाकायची सवय लागल्यापासून मी घसरले नाही. आधी दोनदा पडले होते. शेवाळलेला दगड, सुटा मुरूम, सगळं आधी दिसतं. जिवांना जपायला गेले आणि माझेच गुडघे वाचले.

भाद्रपद संपता संपता उतारावर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा रंग पसरतो. पाऊस ओसरला की हवा धुतल्यासारखी होते. खडकवासल्याचं पाणी, पलीकडे शहर, आणि वर जाऊन कल्याण दरवाज्याच्या अंगाला उभं राहिलं तर राजगड-तोरणा. माझ्या मते वर्षातले हे सर्वांत सुंदर दिवस, आणि लोक मात्र तेव्हा यायचे कमी झालेले असतात! फक्त ऑक्टोबरचं ऊन फसवं असतं, तेव्हा पुन्हा लवकर निघावं लागतं. गवत पिकून सोनेरी होतं आणि कुसळं सलवारीला, ओढणीला चिकटतात. घरी येऊन एकेक काढायला अर्धा तास. ओढणी घरी ठेवा, हा अनुभवाचा सल्ला.

थंडी ही नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वाट कोरडी, ऊन सोसवणारं. तुमच्यातल्या कुणाला माझं पटलं असेल तर दिवाळीनंतरचा पहिला रविवार धरा, माझ्यासारखा मार्च नको. पण जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, हे लक्षात ठेवा. पाणी सूर्योदयानंतर घेणाऱ्यांनी साडेसहाच्या आधी चढू नये. थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी लागतंच. शिखरजीला आपण माघातल्या थंडीत मध्यरात्रीनंतर निघतो आणि कित्येक जणी उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत. त्या यात्रेची खरी तालीम थंडीतल्या या पहाटेच होते. पायथ्याशी कुडकुडायला होतं, वीस मिनिटांत स्वेटर काढावा लागतो. म्हणून एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन पातळ बरे.

आता उताराबद्दल. सगळ्या चढाला घाबरतात. चढात दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार सावरावा लागतो. मांडीचे स्नायू कमजोर असले की तो भार गुडघ्यावर येतो. छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, खडा उतार असेल तिथे आडवं-तिरपं उतरायचं, हातात एक काठी. आदल्या दिवशी पायांची नखं कापायची, नाहीतर बोटं बुटात पुढे आपटून नखं काळी पडतात. बूट चामड्याचे नसलेले, तळाला चांगली पकड असलेले मिळतात, विचारून घ्या. शिखरजीला आपण अनवाणी जातो म्हणून एकीनं गडावर अनवाणी सराव करायचा प्रयत्न केला. तसं करू नका. फुटक्या बाटल्यांच्या काचा असतात. अनवाणी सराव घराच्या गच्चीवर करावा. आणि पहिल्या चढाईनंतर दोन दिवस जिना उतरताना भिंत धरावी लागेल. त्याला घाबरू नका, ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला थांबतं. सांध्यात सूज आली किंवा छातीत दुखलं तर मात्र थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

पाळी गेल्यानंतर आपली हाडं झपाट्यानं विरळ होऊ लागतात आणि चालण्या-चढण्यानं त्यांना बळ मिळतं, हे डॉक्टर सांगतातच. तरी आपल्याकडे पन्नाशीच्या बाईनं बूट घालून डोंगरावर जाणं म्हणजे थोडं जास्तच, असं मानलं जातं. मलाही एका नात्यातल्या वहिनींनी लग्नात सगळ्यांसमोर विचारलं, "आता या वयात काय हे?" मी म्हटलं, वहिनी, याच वयात. तीस वर्षांची असताना पाय फुकट चालत होते, आता त्यांची मशागत करावी लागते. त्या हसल्या. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, पर्वतीला कितीला जाता म्हणून.

वेळ नाही, हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलंय. पण यात्रेच्या लाडवांना दोन दिवस द्यायला आपल्याकडे वेळ असतो. लाडू विकत मिळतात, मैत्रिणींनो. पाय विकत मिळत नाहीत, भाड्यानं मिळतात, आणि ते दुसऱ्याचे असतात.

पुण्याबाहेरच्या मैत्रिणींनी सिंहगडाची वाट बघू नये. साताऱ्यात अजिंक्यतारा आहे, नाशिकला आपला गजपंथ आहे, सांगलीकडे दंडोबाचा डोंगर, कोल्हापूरकडच्यांना कुंभोजगिरी. मोठं काही नसेल तर आपल्या मंदिराच्या इमारतीचा जिना आहे. महत्त्वाचं इतकंच की एकच वाट धरा आणि तीच बाराही महिने चाला. नुसतं पावसात एकदा जाऊन भिजून आलं तर ती सहल. एकाच वाटेवरून सगळे ऋतू काढले की पायांना, श्वासाला आणि नजरेला वेगवेगळं वळण लागतं.

येत्या माघात आम्ही पुन्हा शिखरजीला निघालोय. सासूबाईंची डोली आधीच ठरवलीय आणि त्यांनी मला बजावलंय, "तू माझ्या शेजारून चाल, म्हणजे मला सोबत." पहिल्या वर्षी गड चढायला मला सव्वादोन तास लागले होते, आता सव्वा तास लागतो. पण शिखरजीचे सत्तावीस किलोमीटर म्हणजे गड नव्हे. मी सगळे चालेन का, हे मला आज सांगता येणार नाही. नऊ किलोमीटरांवर पाय थकले तर थांबेन, आणि डोली लागली तर बसेनही. मात्र या वेळी बसले तर तयारी केली नव्हती म्हणून बसणार नाही.

लाडू या वर्षी जाऊबाई विकतच आणणार आहेत.

जयजिनेंद्र.